‘रोमिओ अँड ज्युलिएट’ मुळातून वाचताना या चुका टाळा

शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पहिल्यांदा मुळातून वाचणाऱ्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात: भाषा कळत नाही, आणि शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे पुढे वाचण्याची ओढ राहत नाही. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे, कारण या नाटकात जुन्या शब्दाचा अर्थ चुकीचा लावला की त्याच्या पोटात ठेवलेली पुढच्या अनर्थाची चाहूलही निसटते.

अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे वाटणारे शब्दच अधिक फसवतात. ज्युलिएटच्या ‘वेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ या प्रश्नाचा अर्थ ‘रोमिओ, तू कुठे आहेस?’ असा सर्रास लावला जातो. वास्तविक ‘वेअरफोर’ म्हणजे ‘का’. तू रोमिओच का, शत्रूच्या माँटेग्यू घराण्यातलाच का, असे ती विचारते आणि लगेच पुढच्या ओळीत, बापाला नाकार आणि नाव टाकून दे, असे म्हणते. ‘कुठे’ असा अर्थ घेतला तर प्रियकराला अंधारात शोधणारी मुलगी तेवढी उरते. ‘का’ असा घेतला तर जे नाव पुढे दोघांचा जीव घेणार आहे, त्यावरच तिने नेमके बोट ठेवलेले दिसते. रोमिओच्या तोंडचा ‘सॉफ्ट’ म्हणजे ‘थांब जरा’, आणि ज्युलिएट स्वतःला ‘फाँड’ म्हणते तेव्हा त्यात खुळावल्याची कबुली असते. अनोळखी शब्दापाशी आपण आपोआप थांबतो. परंतु ओळखीचा शब्द वाक्यात किंचितही अवघडलेला वाटला, तर टिपा असलेली आवृत्ती अवश्य उघडावी.

‘दाऊ’ आणि ‘यू’ या दोहोंना एकच समजणे ही दुसरी चूक, आणि ती मराठी वाचकाने करावी याचे मला नेहमी नवल वाटते. आजच्या इंग्रजीने गमावलेला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यातला भेद आपण रोज पाळतो. मेजवानीच्या रात्री पहिल्या भेटीत ज्युलिएट रोमिओला ‘यू’ म्हणते, आणि त्याच रात्री खिडकीपाशी ती ‘दाऊ’वर आलेली असते. याउलट चौथ्या अंकात पॅरिस, म्हणजे घरच्यांनी तिच्यासाठी ठरवलेला वर, तिच्याशी ‘यू’ने बोलायला सुरुवात करून ‘दाऊ’वर घसरतो, तुझा चेहरा आता माझा आहे असेही सांगतो, ती मात्र ‘यू’ सोडत नाही. तिने राखलेले हे अंतर लक्षात आले, की हे लग्न होणार नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाक्यरचनेची भीती तर अगदीच अनाठायी आहे. ‘दस विथ अ किस आय डाय’ या रोमिओच्या अखेरच्या शब्दांत क्रियापद शेवटी आले आहे, जसे ते मराठीत येतेच.

आता शेवटाविषयी. आपल्या संगीत नाटकातला सूत्रधार खेळाची ओळख करून देतो. इथले निवेदन मात्र चौदा ओळींत दोन्ही प्रेमिकांचा मृत्यूच जाहीर करून टाकते. त्यामुळे नाटकातल्या पूर्वसूचना रहस्यकथेतल्या धाग्यादोऱ्यांसारख्या शोधू नयेत. त्या उत्सुकता वाढवण्यासाठी नाहीत. पात्रांना स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ कळत नाही आणि आपल्याला कळतो, ही अस्वस्थता त्यांतून निर्माण होते. मेजवानीत भेटलेल्या त्या अनोळखी तरुणाचे, म्हणजे रोमिओचे, नाव विचारायला दाईला पाठवताना ज्युलिएट म्हणते, की त्याचे लग्न झालेले असेल तर थडगे हीच माझी लग्नशेज ठरेल. त्याचे लग्न झालेले नसते, आणि तरीही ते शब्द खरे होतात.

रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. जखमी झाल्यावर तो म्हणतो, उद्या माझी चौकशी करा, मी ‘ग्रेव्ह मॅन’ झालेला असेन. ‘ग्रेव्ह’ म्हणजे गंभीर आणि ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगेही. मरता मरता तो दोन्ही घराण्यांवर पुन्हापुन्हा प्लेगचा शाप घालतो. याचे भाषांतर ‘तुमचे वाटोळे होवो’ असे केले तर मराठी कानाला ते सहज वाटते, परंतु त्यात प्लेग नाहीसा होतो आणि नाटकाचा सांधाच निखळतो. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने मेल्यासारखी निजली आहे, हे कळवणारे पत्र घेऊन रोमिओकडे निघालेल्या फ्रायर जॉन या धर्मगुरूला साथीच्या संशयावरून एका घरात कोंडले जाते, हे पाचव्या अंकात कळते, आणि ते पत्र हद्दपार रोमिओ राहत असलेल्या मँटुआला पोहोचतच नाही. शाप अक्षरशः फळाला येतो.

एवढ्यावरून सगळा दोष ग्रहताऱ्यांवर टाकणे मात्र चुकीचे ठरेल. ज्युलिएटच्या बापाने गुरुवारचे लग्न उतावीळपणे बुधवारवर आणले नसते, तर निरोप पोहोचवण्यासाठी आणखी एक दिवस हाताशी राहिला असता.

पाचव्या अंकाच्या आरंभी रोमिओ सांगतो ते स्वप्न शुभ समजून पुढे जाऊ नये. आपण मेलो आहोत, ज्युलिएट आली आहे आणि तिच्या चुंबनांनी आपण पुन्हा जिवंत झालो आहोत, असे त्याने पाहिलेले असते व त्यामुळे तो आनंदात असतो. पुढे थडग्यात ती जागी होते, तो मेलेला असतो, आणि ओठांवर विषाचा थेंब उरला असेल या आशेने ती त्याचे चुंबन घेते. ओठ अजून उबदार असतात.