सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद न पेटवता कसे लिहावे

गृहनिर्माण सोसायटीच्या ग्रुपवर इतकी भांडणे का होतात, असे विचारले तर बहुतेक जण 'समोर कोणी नसते, म्हणून लोक वाटेल ते लिहितात' असे उत्तर देतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन वागण्यातल्या या सैलपणाची कारणे मांडली. ओळख लपलेली असणे, आपण कोणाला दिसत नसणे आणि उत्तर लगेच न येणे ही त्यांतली काही. पहिले कारण सोसायटीला लागू पडत नाही, कारण तिथे प्रत्येकाचे नाव, फ्लॅट क्रमांक आणि कधीकधी थकलेला मेंटेनन्ससुद्धा सगळ्यांना ठाऊक असतो. तरीही जिन्यात भेटल्यावर 'काय काका, बरे आहात ना?' असे विचारणारा माणूस रात्री ग्रुपवर त्याच काकांना पार्किंगवरून फैलावर घेतो. इस्रायलमधील हैफा विद्यापीठातील नोआम लॅपिडॉट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी व्यक्तींच्या जोड्यांना चॅटवर वाद घालायला लावले आणि निनावीपणा, एकमेकांना दिसणे व नजरेला नजर भिडणे या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बदलून पाहिल्या. विखारी बोलण्याशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो नजरानजर नसण्याचा.

यातून पहिला नियम निघतो. ज्या विषयात कोणाचा तरी दोष निघणार आहे, तो ग्रुपवर काढू नये. वरच्या फ्लॅटमधून होणारी गळती, कोणाच्या मुलाची तक्रार, कोणाचा कुत्रा, कोणाची थकबाकी हे विषय दाराची बेल वाजवून बोलावेत, आणि ते जमत नसेल तर निदान फोन करावा. फोनवर नजर भिडत नाही हे खरे, पण स्वर तरी पोहोचतो, आणि त्याने किती फरक पडतो हे मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. त्यांनी विद्यार्थ्यांना काही वाक्ये गांभीर्याने आणि काही उपहासाने कळवायला सांगितली. ईमेलने पाठवणाऱ्यांची अपेक्षा होती की समोरचा सुमारे ७८ टक्के वेळा आपला सूर बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात त्याने तो सुमारे ५६ टक्के वेळाच ओळखला, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा फारसा बरा निकाल नव्हता. आवाजातून कळवलेल्या वाक्यांचा सूर मात्र जवळपास तीन-चतुर्थांश वेळा ओळखला गेला.

खरी मेख त्या ७८ मध्ये आहे. लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो, त्यामुळे तो अक्षरांतही उतरला आहे असे आपल्याला वाटते, आणि समोरच्याचा गैरसमज झाला की 'मी काय एवढे वाईट लिहिले होते?' असे आपण मनापासून विचारतो. यावरचा उपायही याच संशोधनात सापडतो: पाठवण्यापूर्वी मजकूर उलट सुरात मोठ्याने वाचावा. गमतीने लिहिले असेल तर रागाने वाचावे, सहज विचारले असेल तर टोमणा मारल्यासारखे वाचावे. तसे वाचूनही वाक्य खपत असेल तर ते खुशाल पाठवावे.

एक नेहमीचा संदेश घेऊ: 'आजही पाणी नाही. कोणीतरी लक्ष घालणार आहे का?' लिहिणाऱ्याला बहुधा केवळ पाणी हवे आहे. परंतु टोमण्याच्या सुरात वाचले की 'आजही' या शब्दात जुनी थकबाकी वसूल केल्यासारखी वाटते आणि 'कोणीतरी' हा शब्द थेट सेक्रेटरींना जाऊन लागतो. बिनपगारी काम करणारा तो गृहस्थ मग पाण्याचे सोडून मागच्या सर्वसाधारण सभेला कोण हजर नव्हते ते काढतो. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'नमस्कार. बी विंगमध्ये सकाळी सातपासून पाणी नाही. कुलकर्णीकाका, मोटार चालू आहे का हे वॉचमनकडून पाहून घ्याल का? प्लंबर येणार असेल तर गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे, मी दहापर्यंत घरीच आहे.' यात वेळ आहे, जागा आहे, नेमकी विनंती आहे आणि स्वतःचा वाटाही आहे.

कुलकर्णीकाकांचे नाव घेणे हा केवळ शिष्टाचार नाही. गर्दीत प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी धावेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये अभ्यासलेली ही वृत्ती चॅटमध्येही दिसते, हे मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक मार्की यांनी २००० मध्ये दाखवले. चॅटमध्ये माणसे जितकी अधिक, तितकी मदत उशिरा मिळत होती, पण एखाद्याचे नाव घेऊन विचारले की हा परिणाम नाहीसा होत होता. मात्र नाव विनंतीसाठीच घ्यावे. दीडशे शेजाऱ्यांसमोर नाव घेऊन चूक दाखवली की त्या माणसाला मुद्द्यापेक्षा अब्रू सांभाळणे भाग पडते, आणि मग बरोबर असलेली तक्रारही त्याला मान्य करता येत नाही. चूक खासगीतच दाखवावी. निळ्या टिका दिसूनही उत्तर आले नाही, यावरून काहीही ताडू नये. माणूस लोकलमध्ये उभा असेल.

फॉरवर्डच्या बाबतीत अधिक कडक राहावे लागते. 'खरे-खोटे माहीत नाही, पण मुलांना सांभाळा' असे लिहून पाठवणाऱ्याचा हेतू काळजीचा असतो, पण वाचणाऱ्याच्या लक्षात पहिला अर्धा भाग राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. खात्री नसलेला मजकूर काळजीपोटीही पुढे पाठवू नये, आणि दुसऱ्याने पाठवला तर त्याला आधी खासगीत विचारावे. तो स्वतः काढून टाकण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

इतके करूनही एखादे वाक्य लागतेच. पाठवल्यानंतर १५ मिनिटांपर्यंत ते दुरुस्त करता येते, ही सोय २०२३ पासून आहे. संदेश पुसून टाकण्याने मात्र अनेकदा उलटेच होते, कारण पुसल्याची खूण मागे उरते आणि ज्यांनी वाचला नव्हता तेही चौकशी करू लागतात. दिलगिरी व्यक्त करायची असेल तर ती खासगीत उरकू नये. ज्या ग्रुपवर बोलणे लागले, त्याच ग्रुपवर एका ओळीत लिहावी, 'पण' हा शब्द टाळावा, आणि त्या दिवशी त्या विषयावर पुन्हा काही लिहू नये.