पोकेमॉन कार्ड ऑनलाइन विकण्यापूर्वी या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत आमच्या ताईच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सुमारे वीस वर्षे पडून होता. भाच्याने शाळेत असताना जमवलेली पोकेमॉनची दोनशेहून अधिक कार्डे त्यात होती. भाचा आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो. ‘मामा, काय ते तूच बघ,’ असे म्हणून त्याने डबा माझ्या हवाली केला आणि मी उत्साहाच्या भरात त्यातले चारिझार्ड या पोकेमॉन पात्राचे कार्ड ‘अस्सल, १९९५ सालचे’ अशी जाहिरात देऊन विकूनही टाकले. आठ दिवसांनी नाशिकच्या ग्राहकाचा निरोप आला. कार्ड नकली होते, आणि सालही चुकीचे होते. म्हणजे जाहिरातीत मी केलेले दोन्ही दावे खोटे ठरले. पैसे लगेच परत केले, पण अनोळखी माणसाच्या लेखी आपण लबाड ठरलो याची बोच पैशांपेक्षा मोठी होती. नकली कार्ड विकणारे सगळेच फसवे नसतात. कित्येकजण लहानपणी स्वतः फसलेले असतात आणि ती फसवणूक नकळत पुढे पाठवतात. पुढच्या चुका त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, लिहिल्या आहेत.

जुने आहे म्हणून अस्सल मानणे

पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये आला आणि त्याची इंग्रजी आवृत्ती विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने जानेवारी १९९९ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे मुलांना पोकेमॉनचे वेड लागले ते २००३ साली पोकेमॉनची कार्टून मालिका कार्टून नेटवर्कवर सुरू झाल्यावर. तेव्हा चिप्सच्या पाकिटांतून मिळणारे टाझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या, अधिकृत होते, पण शाळेबाहेरच्या दुकानांत दोन-पाच रुपयांना मिळणाऱ्या कार्डांच्या पाकिटांबद्दल तसे म्हणता येत नाही. त्यांतली बहुतेक कार्डे नकलीच होती. वीस वर्षांपूर्वी छापलेले नकली कार्ड आज जुने दिसते, कोपरे झिजलेले असतात, रंग थोडा उडालेला असतो, आणि ते पाहून मन भरून येते. त्या भरून येण्याचा कार्डाच्या खरेपणाशी काहीही संबंध नाही.

‘१९९५’ची चूक तर जवळजवळ प्रत्येक नवा विक्रेता करतो. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रताधिकाराची ओळ असते आणि तिची सुरुवात १९९५ने होते. हे साल पात्रांवरच्या हक्काचे आहे, छपाईचे नाही. १९९५ साली पोकेमॉनचे कार्डच अस्तित्वात नव्हते. छपाईचा काळ ठरवताना त्या ओळीतले शेवटचे साल पाहावे, आणि तेही केवळ अंदाजासाठी.

एकटे कार्ड हातात घेऊन निवाडा करणे

ग्राहकाचा निरोप आल्यावर मी ते कार्ड घेऊन सराफ्यातल्या एका ओळखीच्या सराफकाकांकडे गेलो. रात्री खाऊगल्ली होणारा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो, आणि मला हवे होते ते त्यांचे भिंग. भिंग देण्यापूर्वी त्यांनी विचारले की याच्या जोडीला खात्रीचे कार्ड कोणते आणले आहे. माझ्याकडे काहीच नव्हते. त्यांनी कसोटीचा दगड दाखवला: नव्या दागिन्याची रेघ ओढायची तर शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ हवी, नाहीतर नुसत्या पिवळ्या रेघेवरून काय कळणार? कार्डाच्या बाबतीत यापेक्षा नेमके मी कुठे ऐकलेले नाही.

म्हणून पहिली गुंतवणूक खात्रीच्या कार्डात करावी. त्याच संचातले, किंवा निदान त्याच काळातले, एखादे साधे आणि स्वस्त कार्ड विश्वासू संग्राहकाकडून घ्यावे. दुर्मीळ कार्डाची नक्कल होते तशी कवडीमोल साध्या कार्डाची फारशी होत नाही, त्यामुळे तुलनेसाठी साधे कार्डच बरे. मग दोन्ही कार्डे एकाच दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवून मागच्या बाजूचा निळा रंग, कडेच्या पट्टीची रुंदी, अक्षरांची जाडी आणि ऊर्जाचिन्हांचा आकार पडताळावा. हा रंग फोनच्या पडद्यावरच्या फोटोशी ताडून पाहू नये, कारण प्रत्येक फोन निळा रंग आपापल्या मर्जीने दाखवतो. आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर असतो. कडेने किंचित कमी भरले तर कार्ड नकली असेल, किंवा अस्सल असूनही झिजलेल्या कडा लपवण्यासाठी कापलेले असेल. वजन साधारण पावणेदोन ग्रॅम भरते, पण त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा सराफी काटा हवा. स्वयंपाकघरातला काटा येथे उपयोगाचा नाही.

उजेडाच्या चाचणीवर विसंबणे, आणि फाडून पाहणे

बहुतेक अस्सल कार्डांत कागदाच्या दोन थरांमध्ये एक गडद थर असतो, त्यामुळे मागे टॉर्च धरला तरी उजेड फारसा पलीकडे येत नाही. स्वस्त नकली कार्ड मात्र कंदिलासारखे उजळते. ही चाचणी उपयोगी आहे, पण ती एकाच दिशेने चालते: उजळलेले कार्ड संशयास्पद ठरते, परंतु न उजळलेले कार्ड अस्सल ठरत नाही. चकचकीत होलो कार्डातला धातूचा पातळ थरही उजेड अडवतो, आणि अलीकडचे नकलाकार गडद थराचा कागद वापरू लागले आहेत. फाडून थर पाहण्याचा सल्लाही काहीजण देतात. विकायचे कार्ड फाडून ते अस्सल होते हे सिद्ध करण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

भिंगाचा कंटाळा

ज्या एका तपासणीसाठी वेळ काढावाच, ती भिंगाची. दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग चालते, तीसपटीचे असेल तर शंका उरत नाही. अस्सल कार्ड ऑफसेट पद्धतीने छापलेले असते. चित्राच्या भागात निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके ठरावीक कोनांत पडून लहान लहान फुलांसारखी नियमित नक्षी तयार होते. त्यावरची काळी अक्षरे आणि बारीक रेघा मात्र सलग काळ्या शाईने छापलेल्या असतात. भिंगाखालीही त्यांची कड कापल्यासारखी स्वच्छ दिसते.

नकलाकाराजवळ मूळ छपाईच्या फायली नसतात. तो अस्सल कार्ड स्कॅन करतो आणि ते चित्र पुन्हा छापतो. त्यामुळे ठिपक्यांवर ठिपके चढून नक्षी गढूळ होते, आणि मुख्य म्हणजे अक्षरेही रंगीत ठिपक्यांचीच बनतात व त्यांच्या कडा पिसारलेल्या दिसतात. माझ्या चारिझार्डच्या नावातली काळी अक्षरे भिंगाखाली निळ्या-गुलाबी चुऱ्यासारखी दिसली तेव्हा काकांना काही सांगावे लागले नाही.

नव्या महागड्या कार्डांच्या बाबतीत बोटाचाही उपयोग होतो. संपूर्ण कार्डभर चित्र असलेल्या अलीकडच्या अनेक दुर्मीळ कार्डांवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषांचा उठाव असतो; नकली कार्ड गुळगुळीत लागते किंवा त्यावर सरसकट एकच जाळी असते. सोनेरी प्लास्टिकची, हजारांच्या घरातले एच.पी. (पात्राची ताकद सांगणारा आकडा) लिहिलेली कार्डे मात्र भिंगाखाली नेण्याचेही कारण नाही, ती खेळणी आहेत. कंपनीने खरोखर काढलेली सोनेरी धातूची कार्डे आहेत, उदाहरणार्थ २०२१च्या ‘सेलिब्रेशन्स’ संचाच्या महागड्या पेटीतली पिकाचू आणि चारिझार्डची, पण ती जड असतात आणि दहा रुपयांच्या पाकिटातून निघत नाहीत.

अस्सल कार्डाला चुकीचे नाव देणे

कार्ड अस्सल निघाले तरी जाहिरात खोटी असू शकते. इंग्रजीतल्या पहिल्या ‘बेस सेट’मध्ये १०२ कार्डे होती आणि चारिझार्डचा क्रमांक ४/१०२ होता. त्याच क्रमांकाचे, त्याच चित्राचे कार्ड ‘सेलिब्रेशन्स’ संचात पुन्हा छापले गेले. चित्राखाली उजवीकडचे पंचविसाव्या वर्षाचे चिन्ह आणि तळातल्या ओळीतले २०२१ हे साल पाहिले की फरक कळतो. दोन्ही अस्सल आहेत, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘फर्स्ट एडिशन’चा शिक्का हा दुसरा सापळा आहे. साध्या अस्सल कार्डावर नंतर हा शिक्का उमटवून विकणारे आहेत. बेस सेटच्या पहिल्या आवृत्तीत चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावली नसते. सावली आहे आणि शिक्काही आहे, तर शिक्का बनावट समजावा. अपवाद माचॅम्प या पात्राच्या कार्डाचा. हे कार्ड नवशिक्यांच्या दोघांच्या संचातून दिले जात असे आणि सावलीच्या छपाईतही त्यावर तो शिक्का असे, म्हणून ते अस्सल असले तरी शिक्क्यामुळे दुर्मीळ ठरत नाही. ‘फर्स्ट एडिशन माचॅम्प, अतिदुर्मीळ’ अशी जाहिरात दिसली की विक्रेता नवखा आहे हे जाणकार लगेच ओळखतात.

प्लास्टिकच्या पेटीपुढे हात टेकणे

१९९१ साली सुरू झालेल्या पीएसएसारख्या संस्था कार्ड तपासून, १ ते १० गुण देऊन, क्रमांकासह प्लास्टिकच्या बंद पेटीत देतात. अशी पेटी विकत घेऊन पुढे विकणार असाल, तर क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून थांबू नये, कारण खरा क्रमांक बनावट पेटीवर छापणे सोपे आहे. तेथे फोटो असेल तर कार्डावरचे चित्र चौकटीत किती डावी-उजवीकडे सरकले आहे आणि ओरखडे कुठे आहेत हे जुळवून पाहावे. तज्ज्ञांचेही चुकते. २०२५च्या आरंभी असे उघडकीस आले की १९९६ची चाचणी-कार्डे (खेळ बाजारात येण्यापूर्वीचे नमुने) म्हणून प्रमाणित झालेल्या काही कार्डांवर रंगीत प्रिंटर सोडतात ते, छपाईची तारीख सांकेतिक रूपात नोंदवणारे, जवळजवळ अदृश्य पिवळे ठिपके होते, आणि त्यांतून वाचलेली छपाईची तारीख २०२४ची होती.

फोटो आणि नोंदीतली हयगय

विकताना दुसऱ्याचा फोटो कधीही वापरू नये. पुढची बाजू, मागची बाजू, चारही कोपरे, तिरप्या उजेडातली चकाकी आणि भिंगातून टिपलेली अक्षरे असे आपल्याच कार्डाचे फोटो, शेजारी तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून, काढावेत. हे ग्राहकासाठी जितके आहे तितकेच आपल्यासाठीही, कारण अस्सल कार्ड घेऊन नकली परत पाठवणारे ग्राहकही असतात. छपाईतला एखादा ठिपका किंवा कडेवरची पांढरी खूण यांची आधीच नोंद असेल, तर बदललेले कार्ड पकडता येते. कार्ड पाकिटात भरतानाचे न थांबवता केलेले चित्रीकरणही जपून ठेवावे.

जाहिरातीत ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असे लिहिण्याऐवजी काय तपासले ते लिहावे: कोणत्या कार्डाशी तुलना केली, भिंगाखाली काय दिसले, वजन किती भरले, कार्ड मूळ कोठून आले. जेथे शंका आहे तेथे कार्ड विकू नये. ‘नकली आहे असे सांगून विकतो’ ही पळवाटही धरू नये. ट्रेडमार्क कायदा, १९९९च्या कलम १०४ नुसार खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वाजवी खबरदारी घेतली होती आणि संशयाला कारण नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध केले तर बचाव होतो. नकली आहे हे स्वतःच जाहिरातीत लिहिणाऱ्याला तो बचाव कसा मिळणार?

ताईच्या डब्यातली सगळी कार्डे तपासायला मला तीन रविवार लागले. अकरा अस्सल निघाली, त्यांत महागडे एकही नव्हते. बाकीच्यांच्या मागच्या बाजूवर पक्क्या शाईने ‘नकली’ असे लिहून डबा परत माळ्यावर ठेवला. नाशिकहून परत आलेला चारिझार्ड मात्र भाच्याने, त्यावरच्या त्या शब्दासकट, पुण्याला मागवून घेतला.