ट्रकच्या चेसिसवर कॅम्पर बांधताय? या चुका टाळा

कोल्हापुरात ट्रकची बॉडी बांधणाऱ्या हातांची वानवा नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठेही चेसिस नेऊन उभी करा. हौदा, टँकर, कंटेनर, सांगाल ते बांधून मिळतं. म्हणूनच फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या) ट्रकवर राहण्याची पेटी बांधायचं डोक्यात आलं की वाटतं, मिस्त्री आहेत, पत्रा आहे, वेल्डिंग मशीन आहे, अडचण कसली? मलाही तसंच वाटलं होतं. शिरोलीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, पंचवीस वर्षं लोखंडात गेली. तरी माझी पहिली पेटी तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यातून उकलली. त्यानंतर मी दोन कॅम्पर बांधले आणि दुसरीकडे बांधलेले चार-पाच दुरुस्तीला आले. बहुतेकांचं दुखणं एकाच जागी होतं: पेटी आणि चेसिस यांच्या मधल्या चार बोटांत.

चेसिस पिळणारच, तिला पिळू द्या

ट्रकची चेसिस म्हणजे दोन लांब सी-चॅनल आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर, आडवी ठेवलेली शिडीच. एक चाक खड्ड्यात उतरलं की ही शिडी पिळवटते. तो तिचा दोष नाही. बांधावर, ओढ्यात, उखडलेल्या घाटात चारही चाकं जमिनीला टेकून राहावीत म्हणून ती तशीच बनवलेली असते.

हौदा बांधणारे मिस्त्री इथे चुकत नाहीत, कारण उघडा हौदा चेसिसबरोबर स्वतःही पिळतो. खाली लाकडी पट्टी, वरून यू-बोल्ट, काम झालं. बंद पेटीचं तसं नाही. चपलांचं खोकं घ्या, झाकण काढा आणि दोन टोकं धरून पिळा, सहज पिळतं. आता झाकण लावून चारही बाजूंनी चिकटपट्टी मारा आणि पुन्हा पिळा. ते ताठ राहतं आणि शेवटी कोपऱ्यात फाटतं. कॅम्परची पेटी म्हणजे हे चिकटपट्टी मारलेलं खोकं. हौद्याची पद्धत तिला लावली की एकतर पेटी फाटते, नाहीतर चेसिसला तडा जातो.

माझी पेटी फाटली तेव्हा शेजारच्या शेडमधले एक वयस्कर मिस्त्री बघायला आले. तड्याकडे त्यांनी बघितलंही नाही. खाली वाकले, यू-बोल्टवर हात ठेवला आणि म्हणाले, “मालक, चेसिस पिळतीया, पेटी पिळत न्हाई. मग फाटायचं कुणी, सांगा की.”

दुसऱ्या दिवशी पेटी उतरवली आणि त्यांच्याच सांगण्यावरून एक चाचणी केली. ती आता मी प्रत्येक गाडीला करतो. सबफ्रेम, म्हणजे पेटीखालची लोखंडी चौकट, चेसिसवर ठेवायची, मागच्या बाजूला पक्की करायची, पुढे मोकळी सोडायची. मग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एक-एक फूट उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर चढवायचं. त्या दिवशी केबिनच्या मागे एका बाजूला सबफ्रेम आणि चेसिस यांच्यात फट पडली. स्टीलची पट्टी उभी घालून मोजली, ४६ मिलिमीटर. दुसऱ्या बाजूला दोन्ही एकमेकांना टेकलेलेच. ते ४६ मिलिमीटर आधी माझ्या पेटीचे कोपरे सोसत होते. आपल्या गाडीचा हा आकडा माहीत नसेल तर पेटीचं काम सुरू करू नका.

उपाय दोन-तीन आहेत. एकात पेटी तीन बिंदूंवर बसते, एका टोकाला मधोमध फिरता सांधा आणि दुसऱ्या टोकाला दोन आधार. दुसऱ्यात चार बिंदू चौकटच्या पानासारखे मांडतात. पुढे-मागे मधोमध एकेक सांधा आणि दोन बाजूंना दोन. दोन्ही चालतात, पण सगळा भार चेसिसच्या मोजक्या जागांवर येतो, त्यामुळे तिथलं काम फार काळजीने करावं लागतं. लांब, सरळ चेसिस असेल तर माझी पसंती स्प्रिंगवरच्या सबफ्रेमला. सबफ्रेम चेसिसवर पूर्ण लांबीभर टेकलेली, मागे नटबोल्टने पक्की, पुढे लांब बोल्ट आणि त्यावर कॉइल स्प्रिंग. चेसिस पिळली की स्प्रिंग दबते, सबफ्रेम उचलली जाते, गाडी सपाटीला आली की परत बसते. डाव्या-उजव्या बाजूंना मात्र जाड प्लेटचे गाइड हवेतच, नाहीतर वळणावर पेटी आडवी सरकेल.

यातही एक चूक वारंवार दिसते. फिटरला स्प्रिंग ढिली दिसते म्हणून तो नट आवळत जातो, कडी कडीला टेकेपर्यंत. मग ती स्प्रिंग उरत नाही, तो नुसता लोखंडी ठोकळा होतो. चाचणीत जितकी फट पडली त्याहून जास्त दबायला जागा शिल्लक ठेवा आणि वरून लॉकनट लावा.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. दार सपाटीवर नीट लागतं पण गाडी तिरकी उभी केली की अडकतं. कोपऱ्याचं सिलंट एकाच जागी पुन्हा पुन्हा सुटतं. खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ निघते. अशा वेळी सिलंटची नवी नळी आणू नका, गाडीखाली जा. मी स्वतः तीनदा सिलंट भरलं होतं आणि त्या तीनही वेळा पेटी आतून आणखी सुटत होती.

चेसिसला गॅस कटर आणि वेल्डिंग लावू नका

चेसिस जास्त ताकदीच्या स्टीलची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारच्या स्टीलचे गुण बदलतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. ब्रॅकेट बोल्टनेच लावा, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या. भोक पाडायचं तर सी-चॅनलच्या उभ्या पोटात. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीत कधीही नको, कारण वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. कंपनीने पाडलेली भोकं वापरता आली तर फारच चांगलं. यू-बोल्ट वापरणार असाल तर चॅनलच्या आत ठोकळा घाला, नाहीतर आवळताना पट्ट्या आत दबतात.

सबफ्रेमवर वेल्डिंग करतानाही बॅटरीची वायर काढा, ईसीयूचे (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचे) कनेक्टर सोडवा आणि अर्थिंगचा क्लँप कामाच्या अगदी जवळ लावा. हा पाच मिनिटांचा कंटाळा अख्ख्या कंट्रोलरच्या किमतीला पडतो.

कागद आधी, चेसिस नंतर

हौशी लोक बरेचदा आधी ट्रक घेतात आणि मग आरटीओत चौकशीला जातात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. रुंदी २.६ मीटरच्या आत आणि मागचा लोंबता भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आत, हे तर पहिल्या नकाशातच पक्कं करा. लष्कराच्या लिलावातले जुने स्टॅलियन किंवा एलपीटीए ट्रक खूप जणांना खुणावतात. गाड्या दणकट आहेत यात वाद नाही. पण बोली लावायच्या आधी ती गाडी आपल्या नावावर, राहण्याच्या गाडीच्या वर्गात नोंदवता येईल का, हे एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा.

वजन कागदावर नाही, काट्यावर

‘ट्रक आहे, दहा टन ओढतो, आपली पेटी कसली जड?’ हे वाक्य मी प्रत्येक ग्राहकाकडून ऐकतो. दोन ॲक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टन झाली, हे खरं. पण ती डांबरी रस्त्यावरची कायदेशीर मर्यादा आहे. चिखलात, चढावर, एका चाकाच्या आधाराने गाडी तोल सांभाळते तेव्हा तिला जितकं हलकं ठेवाल तितकं ती तुम्हाला परत आणेल. आणि वजन कुठे आहे हे किती आहे याच्याइतकंच महत्त्वाचं.

आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा एक प्लाय जवळपास ४० किलो भरतो. सुताराने घरच्या फर्निचरसारखं काम केलं आणि सोळा शीट लागले की सहाशे किलोंच्या वर गेलात, त्यातलं निम्मं कपाटांच्या रूपाने डोक्याच्या उंचीवर. हलका प्लाय आणि ॲल्युमिनियम सेक्शन वापरा. भिंतीला सँडविच पॅनेल चांगलं, बाहेर-आत एफआरपी (फायबरचा पत्रा) आणि मध्ये पफचा फोम. पाण्याची टाकी खाली, दोन ॲक्सलच्या मध्ये, आत आडव्या पट्ट्या घातलेली. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, आणि अर्धवट भरलेली टाकी वळणावर स्वतः एक धक्का देते. करूळ घाटात उतरताना हा धक्का स्टिअरिंगवर कळतो.

काम चालू असताना तीनदा काट्यावर जा: मोकळी चेसिस, पेटी बसल्यावर, आणि पाणी-डिझेल-सामान भरून माणसं बसवून. दर वेळी आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. जमलं तर डावी बाजू वेगळी. आपल्याकडे उसामुळे काट्यांची कमतरता नाही, त्यामुळे अंदाजावर राहायला कारणच नाही. एका गाडीत किचन, बॅटऱ्या आणि पाणी तिन्ही डावीकडे होतं. फरक ३८० किलोंचा निघाला. मालक वर्षभर डाव्या कमानीला दोष देत होते आणि दोनदा पाटा बदलून बसले होते.

उलट बाजूही सांगतो. मूळ कमानी मालवाहतुकीसाठी असतात. पेटी हलकी असेल तर गाडी दगडासारखी आपटते आणि आतले बिजागर, पाइपचे जोड ढिले होतात. म्हणून कुणी अंदाजाने दोन पाटे काढून टाकतं. तसं करू नका. काट्याची पावती घेऊन कमानवाल्याकडे जा आणि त्या वजनाचा संच बांधून घ्या.

केबिन उलटणार कुठून?

पुढे उलटणाऱ्या केबिनचा ट्रक असेल तर ही चूक फार महागात पडते. झोपायची जागा वाढवण्यासाठी पेटीचं नाक केबिनच्या छतावर आणतात, दिसायला सुंदर दिसतं, आणि पहिल्या सर्व्हिसिंगला कळतं की इंजिनपर्यंत हातच पोहोचत नाही. नकाशा काढताना केबिन उलटल्यावर तिचं प्रत्येक टोक कुठून फिरतं ते पुठ्ठा कापून बघा. केबिन आणि पेटी यांच्यात ये-जा करायला खिडकी हवी असेल तर मध्ये लवचिक रबरी भाता लागतो. केबिन आपल्या माउंटिंगवर हलते, पेटी आपल्या. दोघांना पत्र्याने बांधलं की पत्रा फाटतो.

बीएस-सिक्स गाडीत सायलेन्सरच्या डब्यापासून पेटीचा तळ लांब ठेवा आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा द्या. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साफ होताना आतलं तापमान ५०० अंशांच्या वर जातं.

टायर आणि पाणी

मागे जोडचाकं असली की दोन टायरांच्या मध्ये दगड अडकतो आणि चिखलात पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत मागची बसत नाहीत. एकेरी रुंद टायर लावणं योग्य, पण मागच्या ॲक्सलवर ७ टन असतील तर एका टायरला साडेतीन टन पेलायचे आहेत; टायरवरचा भाराचा आकडा वाचूनच घ्या. ट्यूबवाल्या टायरची हवा फार कमी करू नका, टायर रिमवर फिरतो आणि वॉल्व्ह मुळातून उपटतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुरात गाडी घालायची नाहीच, पण साधा ओढा ओलांडतानाही गरम डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा डबा) एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे त्याच्या हवेच्या छिद्रातून, पाणी आत ओढतं. ब्रीदरला नळी जोडून ती चेसिसच्या वर घ्या. खर्च किरकोळ आहे.

वीज, गॅस, ओल

ट्रक २४ व्होल्टचा, घरातलं सामान १२ व्होल्टचं. इलेक्ट्रिशियन सरळ दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतो. त्याने ती बॅटरी कायम अर्धी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि सहा-आठ महिन्यांत दोन्ही जातात. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा. २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १६० अँपिअरच्या वर ओढतो, २४ वर त्याच्या निम्मे; केबलची जाडी त्या हिशोबाने, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ. केबलच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या केबलचं रक्षण करत नाही.

गॅसबद्दल मी कुणाशीही तडजोड करत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, आतून पूर्ण बंद, बाहेरून उघडणारा, आणि कप्प्याच्या तळाला थेट खाली उघडणारं भोक. छताला पंखा आहे म्हणून हे भोक टाळू नका.

राहिली ओल. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लोखंडी सांगाडा आतल्या प्लायला थेट टेकला असेल तर त्या रेषेवर घाम धरतो आणि महिन्याभरात बुरशीचे उभे पट्टे उमटतात. लोक त्याला गळती समजून छप्पर उकरतात. पट्टे सांगाड्याच्या रेषेतच असतील तर ती गळती नाही. सांगाडा आणि प्लाय यांच्या मध्ये फोमची पट्टी द्या आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर जायला वाट ठेवा.

सगळं बसल्यावर प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळून नटापासून प्लेटपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारा. फोंडा घाट उतरून, कोकणातून करूळ घाटाने परत या. शेडमध्ये आल्यावर टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत जा आणि रेघ कुठे तुटली ते बघा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा, २००० नंतर पुन्हा. माझ्या दुसऱ्या गाडीत पहिल्या फेरीनंतर सात रेघा तुटल्या होत्या, दुसऱ्या फेरीनंतर एक.