आईच्या हक्काचं काय आहे, ते शोधण्याआधी

बाबांच्या तेराव्याचे पाहुणे परतले आणि मावशीने हळूच विचारलं, "ताईला आता काही मिळणार का रे?" आम्ही तिघं भावंडं, पण एकालाही उत्तर देता आलं नाही. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, एवढंच माहीत. पेन्शनचा नंबर काय, खातं एकट्याच्या नावे की दोघांच्या, आईचं नाव कुठे लागलंय का, हे सगळं त्यांनीच सांभाळलेलं. पुढच्या चार महिन्यांत धावपळ करून जे कळलं ते लिहून ठेवतोय. तुमच्या आईला फेऱ्या माराव्या लागू नयेत, एवढ्यासाठी.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, म्हणून दुःखात हे राहून जाऊ देऊ नका. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर माहिती तेच कळवतात. घरी झाला असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आपणच जायचं. वडिलांचं आणि आईचं नाव आधार कार्डावर जसं आहे अगदी तसंच लिहिलं जातंय ना, हे सही करण्याआधी मोठ्याने वाचून बघा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

मग वडिलांचं पासबुक काढा. ते भरून आणा आणि मागची दोन-तीन वर्षं ओळ न ओळ वाचा. आईला काय मिळू शकतं याचा निम्मा पत्ता तिथेच लागतो. दरमहा पैसे कोषागाराकडून येत होते की भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून, की सैन्याच्या 'स्पर्श' या पेन्शन प्रणालीतून, हे जमेच्या नोंदीवरून कळतं. मे-जूनच्या सुमाराला २० रुपये वजा झालेले दिसले तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना: वय ७० पर्यंत, फक्त अपघाती मृत्यू, २ लाख रुपये. ४३६ रुपये दिसले तर पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना. पण तिचं संरक्षण ५५ व्या वर्षी संपतं, त्यामुळे वयस्कर वडिलांच्या बाबतीत तिथे आशा धरू नका. एलआयसीचा हप्ता, पतसंस्थेची ठेव, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना, जे जे सापडेल ते एका वहीत लिहीत जा. पोस्टाच्या त्या योजनेत आई जोडखातेदार किंवा एकमेव वारस असेल तर तिला ते खातं मुदतीपर्यंत पुढे चालवता येतं. घाईने मोडू नका.

एक काळजी मात्र घ्याच. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच देय असते. बँकेला कळवायच्या आत पुढच्या महिन्याची जमा झाली आणि कुणी एटीएममधून काढली, तर ती परत भरावी लागते. दिवसकार्याच्या खर्चासाठी हे बऱ्याच घरांत नकळत होतं.

वडील सरकारी नोकरीतले असतील तर आईला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. नेहमीचा दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, वर महागाई भत्ता. ढोबळ हिशोब करायचा तर वडिलांच्या पूर्ण मूळ पेन्शनच्या साठ टक्के. त्यांनी अंशराशीकरण करून पेन्शनचा काही भाग विकला असेल, तर ती कपात आईच्या रकमेतून होत नाही. हे तपासून घ्या, कारण रक्कम बरोबर लागली की नाही हे सहसा कुणी विचारतच नाही. आणि आई स्वतः निवृत्त शिक्षिका असेल तरी तिची पेन्शन वेगळी आणि ही वेगळी, दोन्ही मिळतात. "तुम्हाला स्वतःची आहे ना" असं खिडकीवर ऐकून परत येऊ नका.

वडील एसटीत, साखर कारखान्यात किंवा खासगी कंपनीत असतील तर ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजना, बघा. पेन्शनर गेल्यावर पत्नीला त्याच्या निम्मी, पण दरमहा किमान १००० रुपये. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका, ती तिच्या नावाची आहे. माजी सैनिकाची पत्नी असेल तर थेट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे अशा कामांची माहिती असलेली माणसं भेटतात.

यातलं काहीच नसेल, आयुष्य शेतमजुरीत किंवा हातगाडीवर गेलं असेल, तर तहसील कार्यालयातली संजय गांधी शाखा. आई ६५ च्या आतली असेल तर संजय गांधी निराधार अनुदान, ६५ पूर्ण असतील तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन. महिन्याला १५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला १७५० रुपये! ही मर्यादा मला अन्यायाची वाटते, पण आज अट तीच आहे. आणि कुणी २० हजारांच्या कुटुंब लाभाचा फॉर्म भरून देतो म्हणाला तर आधी वय सांगा: ती मदत कमावता माणूस ६० च्या आत गेला तर, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला.

आमचं काम अडलं ते नावावर. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश, बाबांच्या ट्रंकेत धोतराच्या घडीखाली सापडला. त्यावर दोघांचा जोडीचा फोटो, आणि खाली आईचं नाव 'सुमनबाई'. आधारवर मात्र 'सुमन'. शिवाय पीपीओवर तिच्या जन्मतारखेची जागा कोरी. त्या एका 'बाई'पायी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, कोऱ्या जागेसाठी शाळा सोडल्याचा दाखला तिच्या माहेरच्या गावाहून आणावा लागला. आईने तो दाखला हातात घेतला, माहेरचं नाव वाचलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. तुमचे वडील हयात असतील तर आजच पीपीओ काढून आईच्या या दोन नोंदी तपासा: नाव आणि जन्मतारीख. जन्मतारीख महत्त्वाची, कारण वयाच्या ८० नंतर कुटुंब निवृत्तिवेतनात वाढ मिळते आणि तारीखच नसेल तर ती लागणार कशी?

खिडकीवर जाताना पिशवीत पीपीओची प्रत, मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि पॅन, तिचं पासबुक, चार फोटो असू द्या. वडिलांबरोबरचं जोडखातं 'दोघांपैकी कोणीही' असं असेल तर बरंच सोपं जातं. नसेल तर तिच्या एकटीच्या नावे खातं उघडा, मुलाच्या नावात गुंतवू नका. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. आमचा पहिला अर्ज हरवला, आणि पोच नसल्याने दीड महिना फुकट गेला.

आणि आईला सगळीकडे बरोबर न्या, पण उभं ठेवू नका. कुठला कागद कशाचा, किती रक्कम येणार, हे तिला घरीच समजावून सांगा. पेन्शन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो; तो आता सरकारच्या 'जीवन प्रमाण' ॲपवर चेहरा दाखवून मोबाइलवरूनही होतो. आमच्याकडे ते काम नातीने घेतलंय. कॅलेंडरवर १ नोव्हेंबरला आईनेच लाल पेनाने गोल केलाय.