प्राचलिक वक्रांच्या स्पर्शिका आणि बिंदुपथ : या चुका टाळा

बिंदुपथाच्या, म्हणजे अटीनुसार सरकणाऱ्या बिंदूचा मार्ग काढण्याच्या, गणितात बहुतेक मुले आकडेमोडीत चुकत नाहीत. कोणते अक्षर कोणत्या बिंदूचे आहे, याचा विसर पडल्यामुळे चुकतात. अकरावी-बारावीच्या वह्या तपासताना ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की, उत्तराकडे वळण्याआधी पहिल्या चार ओळींत (क्ष, य) किती वेगवेगळ्या बिंदूंसाठी वापरले आहे, हेच मी मोजतो.

य² = ४क्ष हा अन्वस्त (पॅराबोला) घ्या. त्यावरील बिंदू (प², २प) असा लिहिला, तर प हे प्राचल (ज्याची किंमत बदलली की बिंदू वक्रावर सरकतो ते अक्षर) आणि त्या बिंदूतील स्पर्शिका प·य = क्ष + प². ही स्पर्शिका दोन्ही अक्षांना जेथे छेदते, त्या दोन बिंदूंच्या मध्यबिंदूचा बिंदुपथ काढायचा आहे. एका हुशार पण उतावळ्या मुलाने स्पर्शिका बिनचूक लिहिली, मग ‘य = २प, म्हणून प = य/२’ असे म्हणून ती किंमत स्पर्शिकेच्याच समीकरणात घातली आणि य² = ४क्ष असे उत्तर काढून ‘सर, फारच सोपे निघाले’ म्हणत वही पुढे केली. निघालो त्याच वक्रावर परत आलो, हे त्याला खटकले नाही. खरे सांगायचे तर चूक नेमकी कोठे आहे हे मलाही लगेच दाखवता येईना, कारण बीजगणित म्हणून प्रत्येक ओळ बरोबर होती. स्पर्शिकेच्या समीकरणातील (क्ष, य) हा त्या रेषेवरील कोणताही बिंदू असतो, तर ‘य = २प’ यातील य केवळ स्पर्शबिंदूचा असतो; दोन्ही एकच मानले की आपण रेषा आणि वक्र यांचा सामाईक बिंदू मागत असतो, आणि तो वक्रावर असणारच. मध्यबिंदू त्या गणितात कधी आलाच नव्हता.

माझी सवय अशी की, ज्याचा मार्ग हवा आहे त्या बिंदूला पानाच्या माथ्यावर (ह, क) असे नाव द्यायचे आणि शेवटच्या ओळीपर्यंत ते बदलायचे नाही. येथे छेदबिंदू (−प², ०) आणि (०, प) आहेत, म्हणून ह = −प²/२ आणि क = प/२; प चे निरसन केल्यावर (दोन्ही समीकरणांतून प घालवल्यावर) ह = −२क², आणि मगच क्ष = −२य² असे लिहायचे. प = ० असताना स्पर्शिका म्हणजे य-अक्षच असल्यामुळे आरंभबिंदू या बिंदुपथातून वगळावा लागतो; हे वाक्य न लिहिणाऱ्यांचा मी अर्धा गुण कापतो.

अक्षर कशाचे आहे हे विसरण्याची हीच चूक θ बाबतही होते. अ आणि ब हे अर्धे अक्ष असलेल्या लंबवर्तुळाच्या (अ कोज्या θ, ब ज्या θ) या बिंदूतील θ हा त्या बिंदूने केंद्रापाशी क्ष-अक्षाशी केलेला कोन नव्हे: अ = २, ब = १ आणि θ = ४५° असताना तो कोन सुमारे २६.६° भरतो.

दुसरी चूक वर्ग करण्याची आहे, आणि ती मी स्वतः फळ्यावर केली आहे. य² = ४क्ष याच अन्वस्ताच्या प आणि फ प्राचलांच्या स्पर्शिका (पफ, प + फ) येथे छेदतात; त्यांच्यातील कोन ४५° असेल, तर (प − फ)² = (१ + पफ)², म्हणून य² − ४क्ष = (क्ष + १)², म्हणजेच (क्ष + ३)² − य² = ८. अन्वस्त जेथून ४५° च्या कोनात दिसतो (म्हणजे तेथून काढलेल्या दोन स्पर्शिकांमधील ज्या कोनात अन्वस्त सामावतो, तो ४५° भरतो) असे बिंदू विचारलेले असताना मी हा सगळा अपास्त (दोन शाखांचा हायपरबोला) रेखाटून मोकळा झालो. मागच्या बाकावरील मुलीने उजव्या शाखेवरील एक बिंदू घेऊन तेथून अन्वस्त तर १३५° त दिसतो हे दाखवले, तेव्हा मला डस्टर उचलावे लागले. वर्ग केल्यावर १ (tan ४५°) आणि −१ (tan १३५°) यांतील भेद पुसला जातो; क्ष = −१ या अन्वस्ताच्या नियत रेषेवरून (डिरेक्ट्रिक्स) अन्वस्त ९०° त दिसतो, तिच्या डावीकडील शाखा ४५° ची आणि उजवीकडील १३५° ची.

सीईटीच्या तयारीत प = १ घालून पर्याय गाळण्याची युक्ती हल्ली सर्रास शिकवली जाते आणि मला ती मुळीच आवडत नाही. वरच्या मध्यबिंदूच्या उदाहरणात प = १ घेतल्यास (−१/२, १/२) मिळतो, आणि तो क्ष = −२य² या वक्रावर जसा आहे तसाच क्ष + य = ० या रेषेवरही आहे; युक्ती वापरायचीच असेल, तर निदान प = २ घेऊन (−२, १) हा बिंदूही तपासावा, म्हणजे ती रेषा बाद होते.