बॅग भरायच्या आधी सुट्टी मोजा: बेळगावहून हम्प्टा पासला निघणाऱ्यांसाठी

हल्ली आपल्या बेळगाव-खानापूर भागातली बरीच पोरं-पोरी हिमाचलमध्ये मनालीजवळच्या हम्प्टा पास या डोंगरखिंडीच्या ट्रेकला निघतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, बूट कुठले घेऊ, जॅकेट केवढं जाड घेऊ. ते सगळं सांगतो की, पण यादीत एक नंबरला सुट्टी लिहा. आपलं बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर आणि पास चौदा हजारांवर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. शरीराला हे जमवून घ्यायला दिवस लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. आपल्याकडं मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर आहे, बऱ्याच जणांच्या घरात नाहीतर गल्लीत लडाखला नाहीतर सियाचीनला राहून आलेला कोणीतरी रिटायर जवान असतोच, त्यांना विचारून बघा, आर्मी धडधाकट जवानाला सुद्धा नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस ठेवते आणि मगच वर पाठवते. आणि आपण काय करतो, शनिवार ते शनिवार सुट्टी टाकतो, त्यातच येणं-जाणं बसवतो.

म्हणून दिवस असे धरा. गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला दोन रात्री जातात (रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा), मग दिल्लीहून मनालीला रात्रभर बस. मनाली साडेसहा-सात हजार फुटांवर आहे, तिथं एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, शक्य असेल तर दोन. मग जोबरा, चिका, बालू का घेरा, पास ओलांडून शिया गोरू, छत्रू असा नेहमीचा रस्ता. दहा हजार फुटांच्या वर गेलं की झोपायची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात, आणि चिका ते बालू का घेरा एवढ्यातच तो कोटा संपतो, म्हणून ग्रुप बुक करतानाच विचारा की बालू का घेऱ्याला जादा एक मुक्काम मिळेल का. आणि परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका, नाहीतर त्या तिकिटापायी डोकं दुखत असताना माणूस पुढं चालत राहतो.

डॉक्टरांकडं निदान महिनाभर आधी जाऊन या. बीपी, शुगर, दमा, हृदयाचं काही असेल तर लपवू नका, चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गोठू नये म्हणून अंगावरच्या आतल्या खिशात ठेवायचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणूनची गोळी, घ्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टरांनाच विचारायचं, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं, मित्राची गोळी मागून घ्यायची नाही. आणि एक गैरसमज काढून टाका, की मी रोज पळतो म्हणजे मला काय होणार नाही. उंचीचा त्रास फिटनेस बघून येत नाही, उलट फिट पोरं भराभर चढतात आणि तीच आधी आडवी होतात.

तरी पायांची तयारी हवीच, ती वेगळ्या कारणासाठी. आठ आठवडे आधीपासून सुरुवात करा, व्हॅक्सिन डेपोवर सकाळी चालणं-पळणं, आणि रविवारी पाठीवर सात-आठ किलोची बॅग घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड नाहीतर वैजनाथचा डोंगर. चढण्यापेक्षा उतरण्याकडं जास्त लक्ष द्या, कारण पासवरून शिया गोरूकडचा उतार तीव्र आहे आणि गुडघे तिथंच बोलायला लागतात. आपल्याकडं पाऊस लागला म्हणून घरात बसू नका, त्याच पावसात चाला, पोंचो आणि बॅगचं कव्हर गळतंय का ते इथंच कळतं.

बूट आता. घोटा झाकणारे, चांगल्या ग्रिपचे, आणि दुकानात संध्याकाळी जायचं कारण तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात, जाड मोजा घालून बघायचं, पुढं बोटांना जागा राहिली पाहिजे. नवे कोरे बूट घेऊन गाडीत बसायचं नाही, वैजनाथच्या चिखलातून चार-पाच वेळा जाऊन आलेले बूटच खरे आपले. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा, बारीक वाटतं पण उतारावर नख काळं पडलं की चालवत नाही. नदी ओलांडायला पट्ट्याची सँडल वेगळी घ्या, पाणी बर्फाचं असतं, आणि दुपारी बर्फ वितळून ते वाढतं, म्हणून गाईड सकाळी लवकर निघूया म्हणाला तर कुरकुर करू नका.

कपड्यांत जीन्स आणि कॉटनचे टीशर्ट घरीच ठेवा, घामानं भिजले की वाळत नाहीत आणि अंग गार पडतं. आतून ड्रायफिट किंवा थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, असे थर. एकच जाडजूड जॅकेट नेलं की घातलं तर उकडतं आणि काढलं तर थंडी. झोपायचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून वेगळा ठेवा, तुम्ही कितीही भिजलात तरी दिवसा त्याला हात लावायचा नाही. कानटोपी, हातमोजे, यूव्हीचा गॉगल. गॉगल शोभेसाठी नाही, बर्फावरच्या उन्हानं डोळे खरंच जातात काही काळ, आणि सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखाली पण लावायचं कारण बर्फावरचं ऊन खालून येतं.

खायचं म्हणाल तर वर भूक मरते, म्हणून आपल्या तोंडाला सवय असलेलं न्या. शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगा, खारीक, भडंग. कडक भाकरी टिकते पण बॅगेत चुरा होतो, स्टीलच्या डब्यातच भरा. कुंदा रेल्वेतच संपवा. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, तहान नसली तरी घोट घोट. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर अजिबात नको.

बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, पॉवरबँक आणि मोबाईल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. हेडटॉर्च, ओआरएस, बँडेज, आधार कार्ड, मेडिकल सर्टिफिकेट, रोख पैसे. वर नेटवर्क धरून चालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, चक्कर, यातलं काही वाटलं तर लगेच गाईडला सांगायचं आणि त्या दिवशी वर जायचं नाही, मग मागं ग्रुप थांबला तरी चालेल. लाजू नका रे बाबांनो, आपल्याकडं दुखणं अंगावर काढायची सवय आहे ती इथं जीवावर येते. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा सरळ रेषेत टाच-बोट जोडून चालता येईना, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असू द्या, पण गार बोटावर ते चुकीचं दाखवतं, आकड्यापेक्षा माणसाकडं बघा.

म्हणून निघायच्या आधी जोड्या लावा, कोण कोणाकडं बघणार ते बेळगावातच ठरवा. आणि एका कागदावर नाव, रक्तगट, चालू औषधं, घरचा फोन नंबर लिहून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तोच कागद एक घरी, एक गाईडकडं.