मॅग्नेटोमीटर बांधायला शिकताय? आधी ऑफसेट पकडा

ग्रहांच्या चुंबकीय क्षेत्रांवर काम करायचं म्हटलं की बहुतेक जण थेट डायनॅमोच्या, म्हणजे ग्रहाच्या पोटातल्या वाहत्या द्रवातून क्षेत्र कसं तयार होतं याच्या, गणितात शिरतात. गणित हवंच. पण सेन्सर कधी हाताळलाच नसेल, तर आलेखातली कुठली उडी ग्रहाची आणि कुठली यानाच्या हीटरची, हे ओळखता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक फ्लक्सगेट, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरचा एक प्रकार, बांधा: पर्मालॉयचा (निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा) कडीसारखा गाभा, त्यावर ड्राइव्ह कॉइल, बाहेरून सेन्स कॉइल. ड्राइव्ह 15 किलोहर्ट्झचा असेल तर सिग्नल दुप्पट वारंवारतेला, म्हणजे 30 ला, शोधायचा. ड्राइव्हच्या करंटमध्ये काटकसर नको. गाभा पूर्ण संपृक्त, म्हणजे आणखी चुंबकीय होऊच शकणार नाही इतका, झाला नाही, तर आधीच्या क्षेत्राचा अंश त्यात उरतो.

खरा घात करतो तो ऑफसेट, म्हणजे क्षेत्र शून्य असतानाही सेन्सर दाखवतो तो आकडा. सेन्सर क्षेत्राच्या दिशेत ठेवून वाचन घ्या, 180 अंश फिरवून पुन्हा घ्या. +38,012 आणि −37,996 नॅनोटेस्ला (क्षेत्राच्या टेस्ला या एककाचा अब्जावा भाग) आले, तर बेरजेचं निम्मं, म्हणजे 8, हा ऑफसेट. 38 हजारांपुढे 8 किरकोळ वाटतो. पृथ्वीजवळच्या आंतरग्रहीय अवकाशात मात्र सगळं क्षेत्रच 5 नॅनोटेस्लाच्या आसपास असतं! त्यात उघड्यावर फिरवताना एक अंश चुकला तरी वाचन जवळपास 6 ने बिघडतं, आणि तेवढ्यात पृथ्वीचं क्षेत्रही हललेलं असतं. म्हणून हे काम बाहेरचं क्षेत्र अडवणाऱ्या म्यूमेटल धातूच्या अनेक थरांच्या डब्यातच करा. डबा स्थिर, फिरतो फक्त सेन्सर. ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो, तेव्हा प्रत्येक तापमानाला पुन्हा फिरवा. कंटाळा येईल, तरी टाळू नका.

यानाचं स्वतःचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं, म्हणून शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाला 11 मीटरचा बूम, म्हणजे सेन्सर यानापासून दूर धरणारा दांडा, होता. इस्रोच्या आदित्य-एल1 या यानाच्या 6 मीटर बूमवर एक सेन्सर टोकाला, दुसरा मध्यावर आहे. दोघांतल्या फरकावरून यानाचा वाटा काढता येतो. 304 स्टीलचा स्क्रू ‘अचुंबकीय’ म्हणून लावू नका, आटे पाडताना तो चुंबकीय होऊ शकतो. टायटॅनियम किंवा पितळ वापरा. कनेक्टरवरचा निकेलचा मुलामाही तपासा.

मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची यादी नंतर बघा. विद्यार्थ्याच्या हाती सोल्डरिंग आयर्न देतो का, ते आधी विचारा. नुसत्या सिम्युलेशनवर प्रबंध लवकर होतो, उपकरण कळत नाही.

प्रयोगशाळा नसली तरी अडून बसू नका. गॅलिलिओ यानाची गुरूच्या युरोपा या चंद्राजवळची मोजमापं नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर मोफत आहेत. गुरूचं पार्श्वक्षेत्र वजा करा, मग उरलेल्या क्षेत्रात बर्फाखालच्या खाऱ्या समुद्राचा प्रेरित भाग, म्हणजे गुरूच्या बदलत्या क्षेत्रामुळे त्यात निर्माण झालेलं क्षेत्र, शोधा.